लोटस एलिस घ्यायची तर कोणती: रोव्हर इंजिनवाली की टोयोटावाली?

नॉरफॉककर

इंग्लंडात जुनी एलिस, म्हणजे लोटसची हलकी स्पोर्ट्स कार, शोधणाऱ्याला पहिला सल्ला ठरलेला असतो: "रोव्हर इंजिनवाली नको, हेड गॅस्केट जातं. २००४ नंतरची टोयोटावाली बघ." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील.) हा सल्ला अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि वजनाची कदर असणाऱ्याने पहिल्या पिढीचीच गाडी घ्यावी.

१९९६ साली लोटसच्या हेथेल इथल्या कारखान्यातून एलिस आली तेव्हा तिचं वजन होतं साधारण ७२५ किलो. अॅल्युमिनियमचे एक्स्ट्रूड केलेले तुकडे इपॉक्सी गोंदाने चिकटवून बनवलेली चासी, म्हणजे सांगाडा, सुमारे ६८ किलोची. मागे रोव्हरचं १.८ लिटरचं के-सिरीज इंजिन, ११८ बीएचपी. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेकला सर्व्हो नाही. त्यामुळे ब्रेक पेडल सुरुवातीला कडक आणि निर्जीव वाटतं, पण पायाचा दाब जेवढा वाढवाल तेवढाच ब्रेक लागतो, मध्ये कोणी भर घालत नाही. रस्ता ओला असला की पुढचं चाक सुटायच्या आधी स्टिअरिंग हातात हलकं पडतं. हे त्या गाडीचं खरं मोल आहे.

टोयोटावाली १११आर बघा. १८९ बीएचपी, पण वजन ८६० किलो. सर्व्हो आला, एबीएस आलं, पुढचे टायर १८५ चे १७५ झाले आणि मागचे २०५ चे २२५. गाडी जलद झाली, यात वाद नाही. पण पुढचा भाग वळणात बाहेर ढकलला जातो, आणि पहिल्या गाडीचा तो चपळपणा राहिला नाही.

तेलपाणी

असहमत. टायरच्या रुंदीचं खापर टोयोटा इंजिनावर फोडू नका. १७५ आणि २२५ ची जोडी २००० सालच्या दुसऱ्या पिढीबरोबर आली, आणि तेव्हा मागे रोव्हरचंच इंजिन होतं. ती का आली तेही सांगायला हवं. पहिल्या गाडीत ओल्या वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू झटकन फिरायची. अनेक गाड्या तशा कुंपणात गेल्या. लोटसने ते जाणूनबुजून शमवलं. ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याला हा बदल फायद्याचाच आहे.

हिशेबही करून बघू. ७२५ किलोला ११८ म्हणजे टनाला साधारण १६३ बीएचपी. ८६० ला १८९ म्हणजे टनाला २२०. वाढलेल्या १३५ किलोंची भरपाई इंजिनाने करून वर दिलं.

आता हेड गॅस्केटचं. "नशीब खराब असेल तर जातं" अशा थाटात लोक बोलतात, तसं ते नाही. कारण बांधणीतच आहे. के-सिरीजमध्ये १० लांब बोल्ट हेडपासून थेट इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल रेल नावाच्या पट्टीपर्यंत जातात आणि सगळा ढाचा आवळून धरतात. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतात त्या नळ्या, सुटे, आणि त्यांच्या फक्त वरच्या भागाला पाणी लागतं. इंजिनात पाणी कमी मावतं आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) पाणी आत येण्याच्या बाजूला आहे. एलिसमध्ये इंजिन मागे, रेडिएटर थेट पुढे, मध्ये लांबलचक पाइप. इंजिन तापलं, थर्मोस्टॅट उघडला, की पाइपमधलं गार पाणी एकदम गरम ब्लॉकमध्ये शिरतं. थर्मोस्टॅट पुन्हा मिटतो, पुन्हा उघडतो. हेड आणि ब्लॉक कमीजास्त प्रसरण पावतात, हेड किंचित सरकतं, आणि गॅस्केटवरची रबरी कड फाटते. वर जुन्या इंजिनात हेड जागेवर बसवणारे डॉवेल प्लास्टिकचे! हे दुखणं ११८ बीएचपीसाठी कशाला पत्करायचं?

नॉरफॉककर

तेलपाणी, कारण तुम्ही अगदी बरोबर मांडलंत, आणि उपाय त्यातच आहे. प्लास्टिक डॉवेल काढून स्टीलचे घालायचे. अनेक थरांचं स्टील गॅस्केट आणि मजबूत केलेली ऑइल रेल एकत्र बसवायची, कारण नुसतं गॅस्केट बदलून अर्धंच काम होतं. बोल्ट नवे. आधी २० न्यूटन मीटर, मग ठरलेल्या क्रमाने १८० अंश, मग पुन्हा १८० अंश. शेवटी प्रेशर रिलीफ थर्मोस्टॅट, म्हणजे आरपीएम वाढलं की दाबाने तो आधीच थोडा उघडतो आणि गार पाण्याचा धक्का बसत नाही. एवढं नीट केलेलं इंजिन निर्धास्त चालवावं.

आणि के-सिरीज इतकी हलकी आहे ती याच बांधणीमुळे. लांब बोल्टची कल्पना चुकीची नव्हती, पैसे वाचवायला वापरलेले डॉवेल चुकीचे होते.

तेलपाणी

"एवढं नीट केलेलं" या तीन शब्दांतच सगळी गोम आहे. हेड काढल्यावर लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किती वर आहेत ते मोजावं लागतं. ते थोडे वर असलेच पाहिजेत, आणि शेजारशेजारच्या लायनरमध्ये फरक नको. लायनर खाली बसले असतील तर कितीही भारी गॅस्केट घाला, काही महिन्यांत पुन्हा तेच. शिवाय हेड काढल्यावर लायनर क्लॅम्पने दाबून न ठेवता कोणी क्रँक फिरवला, की लायनर जागचे हलतात आणि खालचं सील जातं. बिलावर "हेड गॅस्केट बदललं" एवढंच लिहिलेलं असतं. लायनर मोजले का, हे बिल सांगत नाही. घेणाऱ्याने लायनरच्या उंचीचे लिहून ठेवलेले आकडे मागावेत. नसतील तर ते काम झालंच नाही असं धरून किंमत करावी.

आणखी एक. पाणी कमी होतंय म्हणजे दर वेळी हेड गॅस्केटच असं नाही. हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केटही पाणी सोडतं, आणि ते स्वस्तातलं काम आहे. तेलाच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला तरी घाबरू नये, थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की वाफेने तो जमतो. पक्की खात्री हवी तर गरम इंजिनावर, पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी ब्लॉक टेस्टर लावायचा. त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं तर पाण्यात जळालेला वायू येतोय.

पाना१३

दोघेही टोयोटाचं इंजिन निर्दोष असल्यासारखं बोलताय, म्हणून लिहितो. १११आर मधल्या २झेडझेड या टोयोटा इंजिनाची मजा ६२०० आरपीएमच्या वर, व्हॉल्व जास्त उघडणारा दुसरा कॅम लागल्यावर. ८५०० पर्यंत ओढतं. पण सहा गिअरच्या बॉक्समध्ये तिसऱ्यातून चौथ्याऐवजी कोणी दुसरा टाकला, की इंजिन मर्यादेबाहेर फिरतं आणि ऑइल पंपाचा गिअर फुटतो. लिमिटर इथे वाचवू शकत नाही, कारण इंजिनाला चाकं फिरवत असतात. पंप फुटला की बेअरिंगं जातात.

दुसरं, सुरुवातीच्या इंजिनांत दुसऱ्या कॅमचे रॉकर धरणारे बोल्ट झिजतात. लक्षण सोपं आहे: ६२०० ला नेहमीचा जोर येतच नाही, गाडी तशीच संथ वर जाते. व्हॉल्व कव्हर काढून बोल्ट बघायचे, झिजले असतील तर सुधारित बोल्ट घालायचे. काम तासाभराचं, पण दुर्लक्ष केलं तर कॅम खराब होतो.

तिसरं, चिकट टायर लावून ट्रॅकवर लांब वळणं घेतली की तेल संपच्या, म्हणजे तळाच्या तेलपात्राच्या, एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. बॅफल, म्हणजे तेल अडवणारे पडदे, असलेला संप लागतोच. यात रोव्हरपेक्षा सुख एकच, टायमिंगला बेल्टऐवजी चेन आहे. रोव्हरमध्ये बेल्ट वयानुसारही बदलावा लागतो, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असल्याने तोही सोबत.

सातनंबरी

वजन हाच निकष असेल तर एलिसवर का थांबता? कॅटरहॅम सेव्हन बघा. १९५७ ची लोटस सेव्हन, तिचे हक्क १९७३ मध्ये कॅटरहॅमने घेतले आणि आजही ती गाडी बनते. २०२१ ची १७० ही ६६० सीसीच्या सुझुकी टर्बो इंजिनावर, वजन ४४० किलो. तिच्यापुढे नॉरफॉककरांची ७२५ किलोची एलिस जाडजूड वाटेल.

आणि के-सिरीजबद्दल एक निरीक्षण. कॅटरहॅमनेही ते इंजिन वर्षानुवर्षं वापरलं. तिथे इंजिन पुढे, रेडिएटर त्याच्या नाकाशी, पाइप आखूड. गार पाण्याचा एवढा मोठा धक्का तिथे बसत नाही. तिथली काळजी वेगळी: वळणात तेलात हवा मिसळते, म्हणून तेलातून हवा वेगळी करणारी अपोलो टाकी बसवतात. म्हणजे एलिसमधल्या त्रासात इंजिन कुठे ठेवलं याचाही मोठा वाटा आहे.

नॉरफॉककर

सातनंबरी, कॅटरहॅमला दार नाही, छप्पर म्हणजे कापड, आणि नाक वाऱ्यात बोथट. मोटरवेवर दोन तास बसून दाखवा. एलिसमध्ये तेच दोन तास सहज जातात, फक्त दाराखालच्या उंच सिलवरून आत उतरायची सवय हवी.

घाटरस्ता

भारतातून विचारतो. इकडे लोटस म्हणजे आता अडीच टनाची इलेक्ट्रिक एलेत्रे, ती लोटस म्हणायला जीभ वळत नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी सहसा आयात करता येत नाही, त्यामुळे तुमची एलिस इथे येणार नाही. आमच्या हाताशी होती ती अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर, इसुझूचं १.८ इंजिन आणि सेव्हनच्या धर्तीची बांधणी. लंडनला असलेला भाऊ एलिस घ्यायचं म्हणतोय. इंजिनाचा वाद बाजूला ठेवून, गाडी बघायला जाताना त्याने काय तपासावं?

तेलपाणी

घाटरस्ता, इंजिन दोन-तीन दिवसांत उतरवता येतं, चासी नाही. म्हणून सुरुवात तिथून.

खालचे पत्रे काढायला लावा. मालक नाही म्हणाला तर परत फिरा. चिकटवलेली चासी सरळ करता येत नाही, मुख्य सांगाडा वाकला की तो बदलणं हाच मार्ग. सस्पेन्शन जिथे चासीला जोडलंय तिथे टॉर्च मारून बघा: जोडावरच्या गोंदाची रेघ अखंड आहे का, अॅल्युमिनियमला सुरकुती किंवा ताज्या धातूचा चकाकता ओरखडा आहे का. चुकीच्या जागी जॅक लावून चेपलेल्या कडा फार सापडतात. पुढची फायबरची क्रॅश स्ट्रक्चर मात्र वेगळी बदलता येते, तिला तडा असेल तर भाव पाडा, गाडी सोडू नका.

नंतर मागचा टो लिंक, म्हणजे मागच्या चाकाची दिशा धरून ठेवणारा दांडा. मागचं चाक उचलून तीन आणि नऊच्या जागी धरून हलवायचं. किंचितही टकटक नको. आतल्या बॉल जॉइंटचं रबर फाटलं असेल तर आत पाणी जाऊन गंज धरलेला असतो. हा जॉइंट वळणात तुटला की मागचं चाक स्वतःच दिशा बदलतं आणि गाडी सावरत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्याने दोन्ही बाजूंनी आधार असलेला सुधारित संच घालावा.

रेडिएटरची गळती लहान वाटते, पण तो बदलायला पुढचं सगळं फायबरचं आवरण काढावं लागतं, मजुरीच जास्त होते. त्या आवरणावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर रंगकामाचा खर्च धरा. पहिल्या काही गाड्यांत अॅल्युमिनियम कॉम्पोझिटच्या ब्रेक डिस्क होत्या. त्यांना साधे पॅड चालत नाहीत, आणि बऱ्याच गाड्यांवर त्या जागी आता बिडाच्या डिस्क असतात. बिडाच्या असतील तर हरकत नाही, फक्त चाकाचं वजन वाढतं.

नॉरफॉककर

यात एकच भर. घेतल्यावर चाकांचं अलाइनमेंट एलिस जाणणाऱ्याकडेच करून घ्यावं. दोन्ही सीटवर ७५-७५ किलोचं वजन ठेवून मोजतात. रिकाम्या गाडीवर केलेलं काम फुकट जातं, कारण दोन माणसं बसली की एवढ्या हलक्या गाडीची उंची आणि कोन दोन्ही बदलतात. वळणात पुढून बाहेर ढकलली जाणारी बरीच गाडी फक्त एवढ्याने ताळ्यावर येते, टायरसुद्धा न बदलता.

आणि भावाला सांगा, इंजिन थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घ्या. थंड इंजिनात टाकीतल्या पाण्याची पातळी बघायची, मग वीस मिनिटं चालवून, पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा बघायची.

पाना१३

त्या वीस मिनिटांत डिजिटल तापमानाच्या आकड्यावरच विसंबू नका. पाणी निघून गेलं की सेन्सर हवेत लोंबतो आणि आकडा शांत दिसतो. हीटर लावून ठेवा. गरम हवा येता येता अचानक गार झाली तर त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं.