कट केलेलं जातं कुठं? आपापले किस्से सांगा

तापीकाठची
नागपंचमी झाली, येत्या रविवारी कानबाई, आमचा खान्देशातला देवीचा सण. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, भावकीतली माणसं मोजायची नि त्यावर गहू काढायचे. यंदा आप्पांनी (सासरे, वय ७६, निवृत्त मास्तर) ठरवलं की यादी लॅपटॉपवर करायची. दोन दिवस एका बोटानं ६३ नावं टाइप केली. आज सकाळी पुण्याची मंडळी वर घ्यायची म्हणून कट केली, तेवढ्यात फोन आला, मग गिरणीवाल्याचा नंबर कुठूनतरी कॉपी केला. पेस्ट करतात तर ११ माणसांच्या जागी एकटा गिरणीवाला. मी कणीक मळत होते. ओसरीतून हाक, "माय वं, पुनावाला बठ्ठा गयात!"

पिठाच्या हातानं कंट्रोल झेड दोन-तीनदा दाबलं, आले सगळे परत. पण आप्पा मास्तर ना, सोडतात थोडेच. "कापलं ते समजलं. चिकटवेपर्यंत ते ठेवलेलं कुठं असतं?"

त्यावरून मला २००५ साल आठवलं. अमळनेरला एमएस-सीआयटीच्या क्लासला जायचे. माझी ठाम समजूत, सी म्हणजे कट आणि एक्स म्हणजे झेरॉक्स. अख्खं पत्र निवडून 'झेरॉक्स' काढली, पान कोरं! रडायलाच आले. सरांनी सांगितलं ते अजून डोक्यात आहे: "कापूस वेचताना ओटी बांधतात ना, तशी ही ओटी. फरक एवढाच, हिच्यात एकच बोंड मावतं. दुसरं टाकलं की पहिलं सांडलं." आप्पांना तेच सांगितलं. पटलं, पण म्हणाले ओटी फारच लहान शिवली.

तुमचं काय काय सांडलंय?

छापखानावाला धुळे
ताई आमचा धंदाच यावर. लग्नपत्रिकेची नवीन फाइल कोण बनवतो? जुनी उघडायची, नावं बदलायची. एकदा वर नवरी बरोबर, गणपती बरोबर, तारीख बरोबर, आणि खाली 'आमच्या ...मावशीच्या लग्नाला यायचं हं' मध्ये आधीच्या पत्रिकेतली मावशी तशीच. ५०० छापून झाल्या. मुलीचे वडील काउंटरवर येऊन नुसते बघत उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुन्हा छापून दिल्या, पदरचा कागद.

वडिलांच्या वेळी खरंच कात्री नि डिंक होता. चूक झाली की अक्षर कापून त्यावर दुसरं चिकटवायचं. त्यांना 'कट पेस्ट' हा शब्द शिकवावा लागला नाही.

केळीबाग
सातबारा!!! कुणी बोललं कसं नाही अजून. सोसायटीच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये पेस्ट केली, ७/१२ लिहिलेलं होतं तिथं सगळीकडे ७ डिसेंबर. गट नंबर १२/३ चा १२ मार्च. सेक्रेटरी म्हणे भाऊ जमिनीला तारीख पडली

छापखानावाला धुळे
@केळीबाग कोर्टात पडतेच की, हिला निदान वर्ष तरी एकच 😄

दोन बोटं
केळीबाग, पेस्ट करायच्या आधी तो रकाना निवडून फॉरमॅट 'टेक्स्ट' करायचा. हातानं टाकायचं तर आधी एक वरचा अवतरणचिन्हाचा फाटा द्यायचा, मग ७/१२. नंतर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, तोपर्यंत आत तारखेचा आकडा बसलेला असतो. आणि पेस्ट करताना 'मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग' निवडा नाहीतर पुन्हा तेच.

केळीबाग
आता सांगता 🙏 मी ३४० ओळी हातानं दुरुस्त केल्या

पारोळ्याची लेक
एक्सेलमध्ये कॉपी केलं की चौकोनाभोवती मुंग्या चालतात ना, माझी मुलगी त्याला मुंगळे म्हणते. मुंगळे थांबले की पेस्ट होत नाही हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर मशीन खराब म्हणून तक्रार करायचे. कुकर झाला, येते.

सातपुड्याचा मास्तर
नववीला 'सातपुडा' प्रकल्प दिला होता. एकानं इतका सुंदर आणला की मी वर्गात वाचून दाखवायला घेतला. दर मथळ्यापुढं विकिपीडियावरचा 'संपादन' शब्द तसाच. सातपुड्यातील नद्या संपादन. वनस्पती संपादन. विचारलं, बेटा हे संपादन कुणी केलं? म्हणे, सर, मीच. मार्क दिले. धीटपणाचे.

नाशिककर मूळ शिरपूर
ताईंचं 'झेरॉक्स' फार चुकलं नव्हतं बरं का. हे कट-कॉपी-पेस्ट आज वापरतो तसं बसवलं लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी, १९७०च्या दशकात, आणि काम करत होते झेरॉक्सच्याच पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात. जिप्सी नावाचा लेखनाचा प्रोग्राम होता. टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत गेले.

तापीकाठची
अगं बाई! म्हणजे २० वर्षं उगाच लाजत होते मी.

पांढरं सोनं
माझ्या लॅपटॉपचं सी बटणच निघालंय. राइट क्लिकवर संसार चाललाय

दोन बोटं
आप्पांची ओटी मोठी करता येते. विंडोजचं बटण धरून व्ही दाबा, पहिल्यांदा 'टर्न ऑन' विचारेल, हो म्हणा. २०१८ च्या अपडेटपासून आहे ही सोय. त्यापुढं कापलेलं-उचललेलं शेवटचं २५ पर्यंत यादीत दिसतं, हवं ते टिचकी मारून चिकटवायचं. लॅपटॉप बंद करून चालू केला की यादी रिकामी, पिन लावलेलं तेवढं राहतं. फक्त पासवर्ड कॉपी करायची सवय असेल तर तोही तिथं दिसतो, घरातल्यांना सांगून ठेवा.

केळीबाग
शिरपूरकर पाऊस आहे का तिकडे

नाशिककर मूळ शिरपूर
मी नाशकात आहे हो. भाऊ म्हणतो झिमझिम.

पारोळ्याची लेक
आले. माझा खरा किस्सा राहिलाच. भावाच्या लग्नाचे फोटो, लॅपटॉपमधून पेन ड्राइव्हवर. कॉपी करायचं तर कट केलं, आणि अर्ध्यात दादानं पेन ड्राइव्ह ओढला, त्याला गाडी पकडायची होती. हळद लॅपटॉपमध्ये, सप्तपदी पेन ड्राइव्हमध्ये, आणि मधले काही उघडतच नाहीत. वहिनी अजून काढते.

दोन बोटं
फाइल नुसती कट केली तर जात नाही, फिकट होऊन जागेवरच थांबते. धोका हलवताना. म्हणून फोटो नेहमी कॉपी, उघडून बघायचे, मग जुने काढायचे. मजकुराचं उलटं, तो कापताक्षणी पानावरून जातो.

पारोळ्याची लेक
हे वहिनीला वाचून दाखवणार नाही.

पांढरं सोनं
भरीत पार्टी कधी

सातपुड्याचा मास्तर
श्रावणात? थंडी तरी येऊ द्या, बामणोदची वांगी निघू द्या.

तापीकाठची
आप्पांना ती २५ ची यादी दाखवली. अर्धा तास खेळले. आता प्रिंट आणून दिली, एकूण ७४. पुण्याची मंडळी वरही आहेत नि खालीही. गहू तेवढ्याचे काढू का?

केळीबाग
काढा की. पण ते रोट भावकीबाहेर देत नाहीत, आम्हाला काय उपयोग

तापीकाठची
तुमचं नाव पेस्ट करू का आप्पांच्या यादीत?