दोघांची रोड ट्रिप: शहर आधी की छोटी गावं आधी?

वळणवाट
पुढच्या वर्षी मी आणि बायको दहा दिवस भाड्याची गाडी घेऊन परदेशात फिरणार आहोत. तिला शहरं हवीत: संग्रहालयं, जुने चौक, उशिरापर्यंत जागे असलेले रस्ते. मला छोटी गावं. दोन्ही करायचंय, पण क्रमावर घोडं अडलंय.

माझं मत असं, की गावं आधी करावीत, शहर शेवटी ठेवावं आणि तिथे पोचल्या पोचल्या गाडी परत करावी. मागच्या ट्रिपमध्ये आम्ही संध्याकाळी सहाला एका मोठ्या शहराच्या जुन्या भागात गाडी घातली. हॉटेल चारशे मीटरवर दिसत होतं. सगळे एकेरी रस्ते, मागून हॉर्न, नकाशा दर मिनिटाला नवा मार्ग काढतोय. ती फोन बघून "आता डावीकडे" म्हणेपर्यंत वळण मागे पडलेलं असायचं. ते चारशे मीटर जायला पन्नास मिनिटं लागली, आणि जेवताना आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. पुढचे तीन दिवस गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी आणि भाडं चालू.

त्यानंतरचा मुक्काम एका लहानशा गावात होता. नदीच्या पुलावर, कठड्याला टेकून बसलो होतो. समोरची दुकानं एकेक करून बंद होत होती. शेवटच्या दुकानदाराने बाहेरची खुर्ची आत नेली, दिवा मालवला आणि जाता जाता आम्हाला हात केला. त्या तासाभरात जेवढं बोललो, तेवढं शहरातल्या तीन दिवसांत बोललो नव्हतो.

खिडकीची_सीट
असहमत. गाडी शहरात नेऊ नये हे शंभर टक्के पटलं. इटलीतल्या कित्येक जुन्या शहरांत तर ठरावीक भागात बाहेरच्या गाड्यांना मनाईच असते. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंडाचं पत्र घरी परतल्यावर येतं. पण म्हणून शहर शेवटी कशाला? शहर आधी करा आणि ते सोडायच्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्या. भाड्याचे दिवस तेवढेच वाचतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं. रात्रभर विमानात बसून, झोपेची वाट लागलेली असताना अनोळखी रस्त्यावर गाडी चालवू नका, कळकळीने सांगतेय. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. चार सेकंद डोळा लागला, तर शंभराहून जास्त मीटर ती गाडी कोणीच चालवत नसतं, आणि शेजारी तुमचं माणूस बसलेलं असतं.

वळणवाट
झोपेचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण परतीचा विचार करा. शेवटच्या दिवशी लांबच्या गावातून निघालो आणि वाटेत टायर गेला किंवा घाटरस्ता बंद निघाला, तर विमान चुकेल. शहर शेवटी असलं की हाताशी दिवस राहतो.

दोन_बॅगा
तुम्ही दोघंही क्रमावर अडलाय. मी आधी वार बघतो. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. स्पेनमधल्या ग्रानादा शहरातल्या अलांब्रा किल्ल्यातल्या नासरिद महालांत तिकिटावरच्या ठरलेल्या वेळेलाच सोडतात. अशा एक-दोन गोष्टी आधी कॅलेंडरवर ठोका, बाकीचा रस्ता त्यांच्याभोवती आपोआप बसतो. पर्यटकांची गर्दी असणारी गावं शनिवार-रविवारी टाळा.

आणि नकाशा तीन तास दाखवत असेल तर चार धरा. युरोपात ट्रकचालकांना साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने घ्यावीच लागते. ज्यांचं ते रोजचं काम आहे त्यांना एवढी लागते, मग आपण सुट्टीत सहा-सहा तास का हाकतो? माझ्या हिशेबात दोन मुक्कामांत तीन तासांहून जास्त अंतर नको, आणि प्रत्येक रात्रीचं बुकिंग हातात हवं.

मोकळा_रस्ता
शेवटच्या वाक्याशी अजिबात सहमत नाही. प्रत्येक रात्र आधीच बांधून टाकली तर पुलावरची ती संध्याकाळ येणार कुठून? एखादं गाव आवडलं तर तिथे राहता आलं पाहिजे. शहरातल्या रात्री बुक करा, गावांतल्या मोकळ्या सोडा.

दोन_बॅगा
लहान गावात एखाद-दोनच राहायच्या जागा असतात, आणि रात्री नऊनंतर दार उघडायला कोणी असेलच असं नाही. अंधारात खोली शोधत फिरणं तुम्हाला आवडत असेल. जोडीदाराला झेपतं का, हे आधी विचारा. मोकळीक हवी तर रद्द करता येणारं बुकिंग घ्या.

शेजारच्या_सीटवरून
मूळ लेख पुन्हा वाचला, जरा खटकलं म्हणून लिहिते. तुमच्या बायकोला शहरं हवीत आणि तुम्ही शहर शेवटी ठेवताय. म्हणजे नऊ दिवस गाडीत बसून अंग आंबलेलं, बॅगेत मळके कपडे, डोक्यात परतीचं विमान, अशा अवस्थेत तिने तिची संग्रहालयं बघायची. तुमच्या गावांना ताजे दिवस आणि तिच्या शहराला उरलेले.

ती पन्नास मिनिटंही तिच्या बाजूने आठवून बघा. चालवणाऱ्याला रस्ता तरी दिसत असतो. नकाशा बघणाऱ्याला प्रत्येक चुकलेलं वळण आपलीच चूक वाटते. मी ते अनुभवलंय. आता आमच्यात ठरलंय की दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवायची आणि जागा बदलायच्या. भाड्याची गाडी घेताना दोघांची नावं चालक म्हणून नोंदवा, नाहीतर विम्याचा घोळ होतो.

वळणवाट
हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. रात्री तिला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. शेवटच्याला ती म्हणाली, "हेच मी दोन आठवडे सांगतेय." खरंच सांगत होती. मी ते क्रमाचा वाद म्हणून ऐकत होतो.

आता पहिले तीन दिवस तिचं शहर, पायी. चौथ्या दिवशी सकाळी गाडी, दोघांच्या नावावर. मग दोन गावं, प्रत्येकी दोन रात्री, रद्द करता येणारं बुकिंग. आठव्या दिवशी दुसऱ्या शहरात गाडी परत. तिथून विमान, त्यामुळे माझा हाताशी दिवसही राहतो. गाडी एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडायला जादा आकार लागतो, तो धरलाय. दोन गावांपैकी एक ती निवडणार आहे.