भारंगीचा कडूपणा
भारंगी ही पावसाळी रानभाजी दोनदा उकडूनही कडूच लागते, अशी दोघांची तक्रार वाचली. उकडण्याआधी पानं कोणती घेतली ते बघा. पहिल्या पावसानंतर फुटलेले कोवळे शेंडेच घ्यायचे. हाताला खरखरीत लागणारं जून पान कितीही शिजवलं तरी हट्ट सोडत नाही. कोवळी पानं चिरून एकदा उकडायची, पाणी घट्ट पिळून काढायचं, मग भरपूर कांदा, लसूण आणि भिजवलेली मूगडाळ. वरून ओलं खोबरं सढळ हातानं. थोडा कडवटपणा उरतो, पण तीच तर तिची चव.

आता भारंगीच्या फुलांबद्दल. पावसाळ्यात झुडपाला तुरे येतात: फिकट निळ्या पाकळ्या, त्यातली खालची एक गडद जांभळी, आणि बाहेर वाकलेले लांब पुंकेसर. या फुलांचीही भाजी होते. मात्र झुडूप मुळासकट उपटू नका, ही कळकळीची विनंती. आयुर्वेदात खोकला-दम्यासाठी भारंगीचं मूळच वापरतात, त्यामुळे मुळांसाठी ती आधीच खणली जाते. शेंडे खुडले तर तेच झुडूप पुन्हा फुटतं.