कोलायटिसला भाकरी बंद, गोळ्याही बंद: हे ठरवलं कुणी?

लेकीची आई (जुळे सोलापूर):
परवा 'धान्यमुक्त' यांनी इथं लिहिलं की आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस असो की क्रोन्स, उपाय एकच. गहू, ज्वारी, तांदूळ, साखर, बटाटा, दूध कायमचं बंद. अंडी, मटण, बदामाचं पीठ, मध आणि चोवीस तास लावलेलं दही सुरू. तीन महिने नेटानं पाळलं की गोळ्यासुद्धा सोडता येतात. खाली सगळ्यांनी हात जोडले. कुणाच्या आतड्यासाठी, हे एकानंही विचारलं नाही. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिला कोलायटिस निघाला तेव्हा आमच्या घरात तीन तक्ते आले. पुण्याच्या डॉक्टरांचा: फ्लेअर आहे, म्हणजे आजार भडकलेला आहे, तोवर मऊ भात, मुगाचं पातळ वरण, साली-बिया-चोथा नको. एका आहारतज्ज्ञ बाईंचा लो फॉडमॅप, म्हणजे पोटात आंबून गॅस करणारे पदार्थ टाळायचा: कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा, आंबा, सफरचंद, मध बंद. आणि नणंदेनं पाठवलेला एससीडी (स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट), म्हणजे हाच धान्यमुक्तांचा. आता बघा, भात पहिल्यात मुख्य जेवण, तिसऱ्यात वर्ज्य. मध दुसऱ्यात वर्ज्य, तिसऱ्यात चालतो. शिजवलेलं सफरचंद तिसऱ्यात चालतं, दुसऱ्यात चालत नाही. पोरगी घाबरून तिन्ही तक्ते एकदम पाळायला लागली. उरलं काय? उकडलेलं अंडं, गाजर आणि जरासं चिकन सूप. वजन उतरलं, हिमोग्लोबिन उतरलं, पाळी थांबली. रक्त पडायचं मात्र थांबलं नाही.

म्हणून सांगते. आजार कुठला, आतडं आत्ता सुजलेलं आहे की शांत, कुठं आकुंचन आहे का, म्हणजे आतडं अरुंद झालंय का, एवढं विचारल्याशिवाय कुणी आहार सांगू नये. आणि गोळ्या सोडा असं तर कुणीच कुणाला सांगू नये.

धान्यमुक्त:
ताई, लेकीचं वाचून वाईट वाटलं. पण तिनं तीन तक्ते एकत्र केले, यात एससीडीचा काय दोष? मला क्रोन्स आहे. रात्री तीन-तीनदा उठायचो. स्टिरॉइडनं तोंड सुजलं, साखर वाढली. डॉक्टर काय म्हणाले? "काहीही खा, तिखट कमी करा." एवढंच. एससीडी सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत पोट शांत झालं, रात्रीची झोप मिळाली. अमेरिकेत २०२१ साली जवळपास दोनशे क्रोन्स रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात एससीडीवाल्या ४६.५ टक्के लोकांची लक्षणं सहा आठवड्यांत आटोक्यात आली. हा काय नणंदेचा व्हॉट्सअ‍ॅप नाही.

लेकीची आई:
त्याच अभ्यासातला दुसरा गट का गाळला? त्यांना भूमध्य आहार दिला होता. ऑलिव्ह तेल, मासे, भाज्या, फळं, आणि अख्खं धान्य. त्यांच्यातल्या ४३.५ टक्के लोकांना बरं वाटलं. म्हणजे धान्य खाऊन जवळपास तेवढंच. लेखकांनी स्वतः लिहिलंय की एससीडी वरचढ ठरला नाही. सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारा रक्तातला आकडा, तर दोन्ही गटांत फारच थोड्यांचा उतरला. शिवाय पहिले सहा आठवडे जेवण घरपोच येत होतं. आमच्याकडे बदामाचं पीठ कोण आणून देणार? आणि तो अभ्यास क्रोन्सचा. कोलायटिसवाल्यांना तो कुठल्या हिशोबानं लावता?

धान्यमुक्त:
नेहमीचं जेवण जेवणारा तिसरा गट त्यात नव्हताच. त्यामुळे "धान्य खाऊनही तेवढंच" यावरून धान्य निर्दोष ठरत नाही. दोन्ही आहारांत पाकिटातलं, साखरेचं बंद होतं, त्याचा फायदा दोघांना झाला असेल. कोलायटिसचं म्हणाल तर मान्य, तिथं माझ्याकडे आकडे नाहीत. पण भाकरीनं माझं पोट फुगतं ते फुगतंच.

मोहोळचा शेतकरी:
काय बोलूलालाव राव तुम्ही? भाकरीनं पोट फुगतं? आमच्या चार पिढ्या शाळूवर जगल्या. तुम्ही बाजारातून जे पांढरं पीठ आणता, ते कुठल्या ज्वारीचं, कधी दळलेलं, विचारलं का? खरिपाची हायब्रीड काढणीला पावसात सापडते, दाण्याला काळी बुरशी येते, तीच दळून पिशवीत भरतात. मालदांडी वेगळी. रब्बीची, काळ्या रानात नुसत्या ओलीवर येणारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन, नाही हे तरी ठाऊक आहे का?

सात रस्ता:
दादा, ग्लुटेनचा त्रास सिलिअ‍ॅकवाल्यांना. कोलायटिस, क्रोन्स वेगळे. ग्लुटेन नाही म्हणून भाकरी आपोआप औषध होत नाही.

आता माझं ऐका. मला क्रोन्स, लहान आतड्याच्या शेवटाला आकुंचन. मला ते माहीत होतं, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. जानेवारीत मित्राच्या रानात हुरड्याला गेलो. गरम हुरडा, शेंगाची चटणी, गूळ, दही, वर डाळिंबाचे दाणे. सगळे म्हणाले, अरे कोवळी ज्वारी आहे, हलकी असते. रात्री पोट दगडासारखं झालं, हिरवी उलटी, वारा सुद्धा सरेना. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिट, नाकातून नळी, शेवटी ऑपरेशन. आतड्याचा तेवढा तुकडा काढला. त्या भागात बी-१२ शोषलं जातं, म्हणून आता कायम इंजेक्शन. त्यामुळे कुणी ज्वारीचं कौतुक करायला लागलं की मला राग येतो.

मोहोळचा शेतकरी:
तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण हुरडा आणि भाकरी एक नव्हे. हुरड्यात अख्खा दाणा जातो, नीट चावला जात नाही. भाकरीचं पीठ बारीक. आणि डाळिंबाच्या बिया तुम्हीच खाल्ल्या, त्याचं बिल ज्वारीवर का?

पूर्व भाग:
भाकरी भाकरीत पण फरक आहे की. कडक भाकरी महिनाभर टिकते, परगावच्या पोरांना पार्सल जाते, पण आमच्या आजोबांना आतड्याचा त्रास होता त्यांना आजी कधी देत नव्हती. ती ज्वारी भरडून कण्या करायची, चांगल्या घोटून, पळीवाढ्या, ताकात कालवून. नाहीतर आंबील. भाकरी दिलीच तर ताजी, वरचा पापुद्रा तेवढा, दुधात कुस्करून.

मोहोळचा शेतकरी:
हे बोलणं शहाण्या माणसाचं. पण आता कण्या कोण करतंय? सोलापूरची निम्मी घरं चपातीवर गेली. ज्वारी उपटायला-काढायला मजूर मिळत नाही, भाव पडला की आम्ही ऊस लावतो. मग तुम्ही म्हणता शाळू महाग झाली. आणि वर ती पोट फुगवते.

धान्यमुक्त:
मी मालदांडीच आणतो, ओळखीच्या शेतकऱ्याकडून, घरघंटीवर दळतो. तरी फुगतं. माझं पोट तुमच्या पिकाचा अपमान करत नाही.

मोहोळचा शेतकरी:
मग "ज्वारी कायमची बंद" असं सगळ्या गावाला का सांगता? तुमच्या पोटापुरतं लिहा.

सात रस्ता:
पीठ चाळून घेता का न चाळता? सगळा प्रश्न त्या कोंड्याचा आहे. आकुंचन असेल तर चाळलेलं सुद्धा जपून.

मोहोळचा शेतकरी:
चाळायचं असेल तर मग मैदाच खा. कोंडा काढला की ज्वारीत राहिलं काय?

लेकीची आई:
अहो, आकुंचन असलेल्या माणसाला कोंडा अडकतो, म्हणून चाळायचं! यात ज्वारीची बदनामी कुठं आली? माझ्या मुलीला आकुंचन नाही. फ्लेअर शांत झाल्यावर तिच्या डॉक्टरांनीच भाकरी पुन्हा सुरू करायला लावली, थोडी थोडी वाढवत. ती आता रोज खाते. तिचा फ्लेअर चालू असताना मात्र मी तिला एक घास दिला नसता. एकच भाकरी, एकाच मुलीला, दोन वेळी दोन नियम.

वैद्य (निवृत्त):
सगळा वाद धान्यावर, ताकाचं नाव फक्त एकानं घेतलं. ग्रहणीच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या जुनाट पोटाच्या विकाराच्या, चिकित्सेत चरकानं ताकाला श्रेष्ठ म्हटलं आहे. लोणी काढलेलं, ताजं, सुंठ-जिरं लावून. पर्पटी हे औषध देऊन करायच्या कल्पात तर रुग्णाला फक्त दूध किंवा ताकावर ठेवत, धान्य-मीठ बंद. म्हणजे धान्य थांबवणं हा काही अमेरिकेचा शोध नव्हे. फरक इतकाच की आम्ही ते ठराविक काळ, देखरेखीखाली करत होतो आणि मग पेया म्हणजे पातळ पेज, मऊ भात अशा क्रमानं पुन्हा अन्नावर आणत होतो. कायमचं बंद कुठंच नाही.

औषध दुकान (नवी पेठ):
वैद्यबुवा, रसपर्पटीत पारा-गंधक असतो हेही लिहा. लोक नाव वाचून थेट दुकानात मागायला येतात.

वैद्य (निवृत्त):
शोधन केलेला पारा आणि तुम्ही थर्मामीटरमधला समजता तो, यात फरक आहे. पण चिठ्ठीशिवाय कुणी घेऊ नये हे मी चाळीस वर्षं सांगत आलो आहे. तुमच्या दुकानात स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय मिळतं का, ते आधी सांगा.

औषध दुकान (नवी पेठ):
माझ्याकडे मिळत नाही. आणि बरं झालं विषय काढला. लोक आहाराच्या नादात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड एका दिवसात सोडतात. बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. अचानक सोडलं तर बीपी पडतं, जिवावर बेतू शकतं. ते पायऱ्या-पायऱ्यांनीच उतरवायचं. मेसालामीन या कोलायटिसच्या गोळीचंही लोक असंच करतात. पोट शांत आहे म्हणून सोडतात. २००३ च्या एका अभ्यासात कोलायटिस शांत असताना गोळ्या नीट न घेणाऱ्यांना तो उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला.

दुसरी गोष्ट कुणीच लिहिली नाही. भाकरी की भात यावर भांडता आणि कंबर दुखली की डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन शेंगदाण्यासारखे गिळता. या गोळ्यांनी आतड्याचा आजार भडकू शकतो. गिऱ्हाईक आधी पोटाच्या गोळ्या मागतं आणि लगेच "एक पेनकिलरची स्ट्रिप पण द्या". मी थांबवतो, तर रागावून शेजारी जातात.

पूर्व भाग:
आहार-औषध सगळं खरं, पण पुण्याला तपासणीला जायचं म्हणजे अडीचशे किलोमीटर. वाटेत बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह सापडत नाही. माझी बहीण आदल्या दिवसापासून उपाशी राहून गाडीत बसते. हा पण आहारच झाला ना? यावर कुणी धागा काढत नाही.

लेकीची आई:
काढा तुम्ही, मी पहिली लिहीन. माझी मुलगी परीक्षेच्या दिवशी हेच करायची.

धान्यमुक्त:
सगळे माझ्यावर तुटून पडलात, ठीक. पण प्रश्न तसाच आहे. डॉक्टर "काहीही खा" म्हणतात, म्हणून माणूस इंटरनेटवर जातो. पाच मिनिटांच्या ओपीडीत आहाराबद्दल कोण बोलतं? मला एससीडीनं निदान नियम दिले. सकाळी उठून काय खायचं ते माहीत होतं. ती शिस्त तुम्ही हिसकावून घेताय आणि बदल्यात काय देताय? "अवस्थेप्रमाणे." अवस्था मला घरी बसून कशी कळणार?

लेकीची आई:
हा प्रश्न बरोबर आहे. डॉक्टरांचं "काहीही खा" मलाही मान्य नाही, ते मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. पण अवस्था कळते. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी असते, आतली सूज त्यात दिसते. पोट शांत आणि कॅलप्रोटेक्टिन चढलेलं, असं होऊ शकतं. लो फॉडमॅपचं नेमकं तेच. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तो मुख्यतः आयबीएससाठी, म्हणजे आतड्याला सूज नसताना पोट बिघडतं त्यासाठी, तयार झाला. गॅस, फुगणं, कळ कमी होते, सूज त्यानं जात नाही. आणि तोही कायमचा नाहीच. दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिलं पान दिलं, दुसरं दिलंच नाही. पोरगी दोन वर्षं लसणीविना राहिली. शेवटी शेंगाची चटणी लसूण घालून दिली तर काही झालं नाही!

तुमचं भाकरीनं फुगतं, पण त्यानं आतडं सुजतंय हे कशावरून? फुगणं आणि सुजणं वेगळं. फुगत असेल तर नका खाऊ, माझं काही म्हणणं नाही. पण त्या जोरावर गोळ्या सोडायला सांगू नका.

सात रस्ता:
आणि निदान पक्कं करा आधी. माझं सुरुवातीला आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने औषध चाललं. आपल्याकडे टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीत सारखेच दिसू शकतात. टीबी असलेला माणूस बदामाच्या पिठानं बरा व्हायची वाट बघत बसला तर?

मोहोळचा शेतकरी:
कण्यांसाठी कुणाला मालदांडी पाहिजे असेल तर सांगा. या वर्षीची आहे, कोरडी, काळी पडलेली नाही. आणि सात रस्तावाल्यांनी चाळून खावी, माझी हरकत नाही.

सात रस्ता:
मेहेरबानी. कण्या घोटून बघतो, डॉक्टरांना विचारून.

धान्यमुक्त:
मी धान्य परत सुरू करणार नाही, ते माझं मी बघीन. "गोळ्या सोडता येतात" एवढी ओळ पोस्टमधून काढतो, कारण औषध दुकानवाल्यांनी लिहिलेलं स्टिरॉइडचं खरं आहे. "सगळ्यांसाठी" हा शब्दही काढतो. कॅलप्रोटेक्टिन या महिन्यात करून घेतो. नॉर्मल आलं तर इथंच येऊन आकड्यासकट लिहीन, आणि तेव्हा ताईंनी उत्तर द्यायचं.

लेकीची आई:
देईन. फक्त ती तपासणी गोळ्या चालू असताना केली की बंद असताना, आणि पेनकिलर घेतली होती का, हेही त्यात लिहा.