१०० किलोवॅट सोलरमधून रोज किती हायड्रोजन? (साक्री, जि. धुळे)

तापीकाठ: सगळी वीज इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला) दिली तर? बोअरचं पाणी चालेल का?

इलेक्ट्रोड: भाऊ, दिवसाला ४०० युनिट धरा. १ किलोला ५० ते ५५ युनिट लागतात, म्हणजे साधारण ७ ते ८ किलो. पाणी किलोमागे ९ लिटर खर्ची पडतं, पण आरओचं वाया जाणारं धरून कच्चं पाणी दुप्पट ठेवा. बोअरचं पाणी थेट मुळीच नको! त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम पीईएमच्या (पॉलिमरचा पातळ पडदा असलेल्या इलेक्ट्रोलायझरच्या) पडद्यात अडकतात, व्होल्टेज चढतं, स्टॅक (एकावर एक रचलेल्या सेलचा संच) कायमचा खराब होतो. आधी सॉफ्टनर, मग आरओ, शेवटी मिक्स्ड बेड (उरलेले क्षार काढणारा रेझिनचा फिल्टर). पाण्याची वाहकता १ मायक्रोसिमेन्स प्रति सेंमीच्या आत हवी. मीटर लाइनवरच बसवा.

खानदेशी_सोलर: अल्कलाइन (क्षारीय द्रावणावर चालणारा दुसरा प्रकार) घेणार असाल तर ढगांचं बघा. त्यात २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ढगांमुळे लोड २० टक्क्यांखाली गेला की ऑक्सिजन कमी तयार होतो, पण त्यात झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो, त्यामुळे ऑक्सिजनमधलं हायड्रोजनचं प्रमाण वाढतं. ४ टक्क्यांना ते पेट घेऊ शकतं, म्हणून २ टक्क्यांवर आपोआप बंद व्हायलाच हवं.

तापीकाठ: मग पीईएमच बघतो. स्टॅक थंड कसा ठेवायचा, मे महिन्यात ४४ अंश असतं?

इलेक्ट्रोड: ड्राय कूलर (नुसत्या हवेने थंड करणारा) तेव्हा कमी पडू शकतो. तसं असेल तर चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लावा, त्याची वीज हिशेबात धरा.