स्नोडेन पळाला, म्हणून त्याचा हेतू खोटा ठरतो का? (एक ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उंबरठा

अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनचं नाव निघालं की चर्चा दोन वाक्यांवर येऊन अडते. "देशाचं एवढं भलं करायचं होतं, तर पळाला कशाला?" आणि "शेवटी आसरा कुणाचा घेतला, तर पुतिनचा!" सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने त्याला नागरिकत्व दिलं, तेव्हापासून तर अनेकांनी हा विषय मिटवूनच टाकला आहे. त्याचा हेतू काय होता आणि तो पळून का गेला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि वेगळेच तपासायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी हेतू. २० मे २०१३ ला हा एकोणतीस वर्षांचा कंत्राटी कर्मचारी हवाईतली नोकरी, घर आणि मैत्रीण मागे ठेवून हाँगकाँगला गेला. जूनच्या सुरुवातीला तिथल्या हॉटेलच्या खोलीत ग्लेन ग्रीनवाल्ड, लॉरा पॉइट्रस आणि इवन मॅकआस्किल या पत्रकारांना त्याने एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची कागदपत्रं समजावून दिली. ५ जूनला 'गार्डियन'मध्ये पहिली बातमी आली. व्हेरायझन कंपनीने ग्राहकांच्या सगळ्या कॉलच्या नोंदी, म्हणजे कुणी कुणाला कधी आणि किती वेळ फोन केला, हे रोजच्या रोज एनएसएला द्यावं, असा गुप्त न्यायालयाचा आदेश होता. दुसऱ्या दिवशी प्रिझमची बातमी आली: गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल अशा कंपन्यांकडून माहिती मिळवण्याची योजना. ९ जूनला त्याने स्वतःहून आपलं नाव जाहीर केलं.

हेर आपलं नाव जगाला सांगत नाही. पैशासाठी गुपितं फोडणारा माणूस ती पत्रकारांना फुकट देत नाही आणि काय छापायचं, काय नाही, याचा निर्णय त्यांच्यावर सोपवत नाही. त्याच वर्षी १२ मार्चला सिनेटच्या समितीसमोर सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर विभागाचे संचालक जेम्स क्लॅपर यांना सरळ विचारलं होतं, की एनएसए लाखो-कोट्यवधी अमेरिकनांची कसलीही माहिती गोळा करते का? क्लॅपर "नाही" म्हणाले, वर "जाणूनबुजून नाही" अशी पुस्ती जोडली. ते उत्तर खोटं होतं. क्लॅपर यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. स्नोडेनवर झाला, तोही १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली.

खारवी

क्लॅपर यांचं उत्तर निंद्य होतं, यात वाद नाही. पण त्या उत्तरामुळे स्नोडेन पेटून उठला, ही मांडणी तारखांशी जुळत नाही. त्याने ग्रीनवाल्डशी पहिला संपर्क डिसेंबर २०१२ मध्ये केला, म्हणजे क्लॅपर बोलले त्याच्या तीन महिने आधी. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या गुप्तचर समितीने सप्टेंबर २०१६ मध्ये दोन्ही पक्षांच्या संमतीने अहवाल दिला. त्यात म्हटलंय की कागदपत्रं मोठ्या प्रमाणावर उतरवून घ्यायला त्याने जुलै २०१२ मध्ये सुरुवात केली, वरिष्ठांशी झालेल्या खटक्यानंतर दोनच आठवड्यांत. समितीच्या मते एकूण कागदपत्रं सुमारे १५ लाख, आणि त्यातल्या बहुतेकांचा अमेरिकनांच्या खासगीपणाशी काहीही संबंध नाही.

माझा खरा आक्षेप तिथे आहे. व्हेरायझनचा आदेश बाहेर काढला, तर मी त्याला जागल्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणारा, म्हणेन. पण हाँगकाँगमध्ये असताना त्याने 'साउथ चायना मॉर्निंग पोस्ट'ला मुलाखत देऊन अमेरिका हाँगकाँग आणि चीनमधल्या कुठल्या संगणकांत शिरते, तेही सांगितलं. चिनी संगणकांवर नजर ठेवणं हे कुठल्याही देशाच्या गुप्तचर संस्थेचं नेमून दिलेलं काम आहे. त्यात अमेरिकी नागरिकांच्या कुठल्या हक्काचा भंग होत होता? आणि हे त्याने कुणाच्या भूमीवर उभं राहून सांगितलं? त्याच वृत्तपत्राला तो असंही म्हणाला, की एनएसएचं कंत्राटी काम करणाऱ्या बूझ अ‍ॅलन कंपनीची नोकरी त्याने पुरावे मिळावेत म्हणूनच धरली होती. गुप्ततेची हमी देतानाच ती मोडायचं ठरलेलं होतं. याला मी सचोटी म्हणू शकत नाही.

जुनी वही

खारवी, १५ लाख हा आकडा फार वापरला जातो, म्हणून त्याबद्दल आधी. तो त्याने काय उचललं याचा सरकारी अंदाज आहे, काय छापलं याचा नाही. ज्या पत्रकार बार्टन गेलमन यांना ही कागदपत्रं मिळाली होती, त्यांनी या अहवालातल्या चुका जाहीरपणे दाखवून दिल्या आहेत.

आता "वरिष्ठांकडे तक्रार का केली नाही" या प्रश्नाकडे येते. तुम्ही तो विचारला नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. एनएसएमध्येच थॉमस ड्रेक नावाचे अधिकारी होते. त्यांनी सगळं रीतसर केलं. वरिष्ठांना सांगितलं, संसदेच्या समित्यांपर्यंत गेले, संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत माहिती दिली. फळ काय मिळालं? २००७ मध्ये घरावर एफबीआयचा छापा, २०१० मध्ये हेरगिरी कायद्याखाली आरोपपत्र, डोक्यावर ३५ वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार. २०११ मध्ये गंभीर आरोप गळून पडले आणि एका किरकोळ गुन्ह्यावर प्रकरण मिटलं, तोवर नोकरी, निवृत्तिवेतन, सगळं गेलं होतं. पुढे ते अ‍ॅपलच्या दुकानात काम करत होते. ड्रेक यांच्यासोबत तक्रार करणाऱ्या विल्यम बिनी यांच्याही घरी छापा पडला. स्नोडेनने हे पाहिलं होतं. ओबामांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये गुप्तचर खात्यातल्या जागल्यांना संरक्षण देणारा आदेश काढला, पण स्नोडेनसारखे कंत्राटी कर्मचारी त्यात स्पष्टपणे येतच नव्हते.

बाहेर काढलेलं खरं निघालं का, हेही बघा. जानेवारी २०१४ मध्ये सरकारच्याच खासगीपणा-देखरेख मंडळाने सांगितलं, की कॉलच्या नोंदी गोळा करण्याच्या या योजनेमुळे दहशतवादाच्या तपासात ठोस फरक पडल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ती कायद्यात बसत नाही असा निकाल दिला, पुढच्याच महिन्यात संसदेने ती बंद करणारा कायदा केला. सप्टेंबर २०२० मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयानेही ती बेकायदा ठरवली. यातलं काहीही स्नोडेनशिवाय झालं नसतं. २०१३ च्या फेब्रुवारीतच सर्वोच्च न्यायालयाने पाळतीविरुद्धची एक याचिका, तुमच्यावर पाळत होती हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, असं सांगून काढून टाकली होती.

सातपुडा

माझा मुद्दा कायद्याचा नाही, नैतिकतेचा आहे. अन्यायी कायदा मोडायचा अधिकार माणसाला असतो, हे मी मान्य करतो. पण तो मोडला की शिक्षेला सामोरं जायचं, हाच त्या अधिकाराचा पाया. टिळकांना १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून अटक झाली. त्यांना काय होणार हे दिसत नव्हतं का? तरी ते मुंबईच्या न्यायालयात उभे राहिले, स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि सहा वर्षं मंडालेला गेले. गांधींनी १९२२ मध्ये न्यायाधीशांना सांगितलं, की कायद्यात असेल ती कडक शिक्षा द्या. ही माणसं देशाबाहेर निघून गेली असती तर त्यांच्या शब्दाला ते वजन आलं असतं का? स्नोडेनने स्वतःच्याच शब्दाचं वजन कमी करून घेतलं.

उंबरठा

सातपुडा, तुमचा हा प्रतिसाद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. टिळकांचंच उदाहरण धरून उत्तर देतो.

टिळक न्यायालयात एकवीस तासांहून जास्त बोलले. लेख का लिहिले, सरकारचं धोरण काय होतं, लेखणीचं स्वातंत्र्य म्हणजे काय, हे सगळं त्यांनी ज्यूरीसमोर मांडलं. निकाल सात विरुद्ध दोन असा विरोधात गेला, पण हेतूवर बोलायला परकीय सत्तेच्या न्यायालयाने त्यांना अडवलं नाही. आज आपण त्या भाषणाबद्दल बोलू शकतो, कारण ते होऊ दिलं गेलं.

अमेरिकेच्या हेरगिरी कायद्यात नेमकी हीच सोय नाही. "मी हे लोकांच्या हितासाठी केलं" हा तिथे बचावच धरला जात नाही. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांच्या खटल्यात त्यांच्याच वकिलाने विचारलं, "तुम्ही ही कागदपत्रं का उतरवून घेतलीत?" सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. एल्सबर्गना ज्यूरीला कारण सांगताच आलं नाही. १९७३ मध्ये ते सुटले, ते सरकारचेच गैरप्रकार उघड झाल्यामुळे. हे एल्सबर्ग जुलै २०१३ मध्ये जाहीरपणे म्हणाले, की स्नोडेनने देश सोडला ते योग्यच केलं. आपल्या वेळी आरोपी जामिनावर राहून सभांतून बोलू शकत होता, आता तसं होणार नाही, हे त्यांचं कारण होतं. विकिलीक्सला गुप्त कागदपत्रं देणाऱ्या अमेरिकी सैनिक चेल्सी मॅनिंगला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली.

शिक्षेला सामोरं जाण्याचं नैतिक मोल खटल्यात बोलता येतं म्हणून असतं. तोंड बंद करून आत जाण्याने कुणाच्या शब्दाला वजन येत नाही.

सातपुडा

टिळकांचा खटला तुम्ही फार उजळ करून दाखवताय. ज्यूरी कशी निवडली होती, तिथे कुणाचं बहुमत होतं, हे टिळकांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. बोलू दिलं, पण ऐकलं नाही. तरी ते राहिले. न्यायालय न्याय्य असेल तरच मी उभा राहीन, ही अट त्यांनी घातली नव्हती. स्नोडेन ती घालतो. २०१९ मध्येही त्याचं म्हणणं तेच होतं, की ज्यूरीसमोर हेतू मांडू देणार असाल तर परत येतो. मागणी रास्त आहे, हे मी नाकारत नाही. पण ती मॉस्कोत बसून करण्यात आणि अमेरिकेच्या कोठडीतून करण्यात फरक आहे, असं मला अजूनही वाटतं.

पाणपोई

मी गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते, आईवडील साताऱ्याला. या धाग्यात सगळे अमेरिकी नागरिकांच्या हक्कांबद्दल बोलताहेत, म्हणून लिहावंसं वाटलं.

व्हेरायझनची योजना अमेरिकनांच्या फोनची होती, ती बंद झाली. प्रिझम ज्या कलमाखाली चालतं ते, परदेशी गुप्तवार्ता कायद्याचं कलम ७०२, अमेरिकेबाहेरच्या बिगर-अमेरिकी माणसांसाठीच आहे. ते बंद झालं नाही. एप्रिल २०२४ मध्ये त्याला पुन्हा दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. साताऱ्यात बसून ईमेल लिहिणाऱ्या माणसाला अमेरिकी राज्यघटनेचं संरक्षण नाही, तिथल्या न्यायालयात त्याला दाद मागता येत नाही. स्नोडेनच्या कागदपत्रांत एक नकाशा होता: मार्च २०१३ या एका महिन्यात संगणक-जाळ्यांवरून कुठल्या देशातून किती माहिती गोळा केली. भारत पाचवा होता, ६३० कोटी नोंदी. इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि मग आपण.

खारवी, "परदेशावर पाळत ठेवणं हे तर नेमून दिलेलं कामच" असं तुम्ही लिहिलंत. त्या परदेशात माझी आई येते. अमेरिकेपुरता विचार केला तर तुमचं म्हणणं बिनतोड आहे. पण मराठीत लिहिताना, भारतात राहून, आपण अमेरिकी संसदेच्या समितीच्या जागेवरून हा प्रश्न का बघायचा?

आणि आपल्या सरकारने काय केलं? स्नोडेनने वीसेक देशांकडे आश्रय मागितला, त्यात भारतही होता. २ जुलै २०१३ ला परराष्ट्र खात्याने विनंती फेटाळली. त्याच दिवसांत तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद सांगत होते, की ही काही प्रत्यक्ष हेरगिरी नाही, कॉलच्या नमुन्यांचं संगणकी विश्लेषण आहे. सप्टेंबरमध्ये बातमी आली, की वॉशिंग्टनमधला आपला दूतावासही लक्ष्य होता. मला त्या काळात फार अपमान वाटला होता, आजही वाटतो.

खारवी

पाणपोई, तुमची भावना समजते. पण आश्रय नाकारणं योग्यच होतं. भारतात असा माणूस ठेवून घ्यायचा म्हणजे अमेरिकेशी असलेले सगळे व्यवहार पणाला लावायचे. शिवाय त्याच वर्षी आपल्याकडे केंद्रीय देखरेख प्रणाली उभी राहत होती. जे सरकार स्वतःच्या लोकांचे फोन ऐकायची यंत्रणा बांधतंय, ते स्नोडेनला कुठल्या तोंडाने आसरा देणार?

आणि मॉस्कोचं काय? २२ जूनला पासपोर्ट रद्द झाला, तरी २३ ला तो हाँगकाँगहून मॉस्कोच्या विमानात बसला. हाँगकाँगमध्ये तो रशियन राजनैतिक अधिकाऱ्यांना भेटला होता, हे खुद्द पुतिन यांनी नंतर सांगितलं. एप्रिल २०१४ मध्ये पुतिन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने प्रश्न विचारला, रशिया अशी पाळत ठेवते का? पुतिन म्हणाले, नाही. यातून कुणाचं भलं झालं? फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनवर त्याच्याकडून काय ऐकलं आपण? पाळतीविरुद्ध बोलणारा माणूस पाळतीवरच उभ्या असलेल्या राज्याचा नागरिक झाला आहे.

जुनी वही

त्या कार्यक्रमानंतर लगेच त्याने 'गार्डियन'मध्ये लिहून पुतिन यांच्या उत्तरावर शंका घेतली होती, हेही सांगा. मॉस्को हे त्याचं मुक्कामाचं ठिकाण नव्हतं. २४ जूनचं हवानाचं तिकीट होतं, त्याची १७ अ ही जागा रिकामी राहिली आणि विमानात पत्रकारच बसून गेले. पासपोर्ट रद्द झालेला माणूस शेरेमेत्येवो विमानतळाच्या ट्रान्झिट भागात महिनाभराहून जास्त अडकला होता. दरम्यान बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस मॉस्कोहून परतत होते. स्नोडेन त्यांच्या विमानात असेल या संशयावरून युरोपीय देशांनी हवाई हद्द नाकारली आणि राष्ट्राध्यक्षांना व्हिएन्नात उतरावं लागलं. राष्ट्राध्यक्षाच्या विमानाची ही गत, तर स्नोडेन दुसऱ्या कुठल्या विमानात बसून कुठे पोचणार होता? १ ऑगस्टला रशियाने एक वर्षाचा आश्रय दिला, तेव्हा त्याच्यासमोर दुसरं दार उघडं नव्हतं.

युक्रेनवरचं मौन मलाही बोचतं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण २०२२ मधल्या मौनावरून २०१३ चा हेतू कसा ठरवता येईल, हे मला कळत नाही.

उंबरठा

खारवी, देखरेख प्रणालीचा मुद्दा तुम्ही बरोबर काढलात, म्हणून एक जोड. २४ ऑगस्ट २०१७ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी राज्यसंस्थेच्या पाळतीबद्दल लिहिताना स्नोडेनचं नाव घेतलं आहे. ज्याला आपण आश्रय नाकारला, त्याने उघड केलेल्या गोष्टीचा उल्लेख आपल्या हक्काच्या निकालपत्रात आहे.

आणि सातपुडा, अमेरिकेचे माजी अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्याच खात्याने स्नोडेनवर गुन्हा दाखल केला होता. तेच २०१६ मध्ये म्हणाले, की त्याने चर्चा घडवून आणून सार्वजनिक हिताचं काम केलं, पण कृती बेकायदा होती आणि त्याने परत येऊन खटल्याला सामोरं जावं. तुमचीही भूमिका जवळपास हीच आहे. मग त्या खटल्यात त्याला हेतू सांगू द्यावा, एवढी एक दुरुस्ती हेरगिरी कायद्यात व्हावी, ही मागणी तुम्हीही करायला हवी. ती झाल्यावरही तो मॉस्कोतच बसून राहिला, तर तुमच्या बाजूने मी लिहीन.