मृणालिनी मुखर्जींची ‘यक्षी’: कथाच नसलेले पुराण वाचायचे कसे?

प्रश्न
मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांच्या दोराच्या शिल्पांची छायाचित्रे गेले काही दिवस पाहत आहे. ‘यक्षी’ (१९८४), ‘वनश्री’ (१९९४) ही नावे ओळखीची वाटतात, पण आकृतीत ना आयुध दिसते, ना वाहन, ना कुठला प्रसंग. अशा कामाला ‘वैयक्तिक पुराण’ म्हटले जाते. ज्याला कथाच नाही, त्याला पुराण का म्हणावे?

प्रतिसाद १
आपण मूर्ती लक्षणांवरून ओळखतो आणि इथेही तीच सवय आड येते. मुखर्जी कोणत्याही ठरावीक देवतेची मूर्ती घडवत नव्हत्या. कथा बाजूला ठेवा आणि गाभाऱ्याच्या अंधारात मूर्तीसमोर उभे राहिल्यावर, ती कोणाची हे कळण्याआधीच मनात दाटून येणारा दरारा आठवा. माझ्या मते त्यांना पुराणातून तेवढेच हवे होते.

प्रतिसाद २
मी अनेक वर्षे दोराच्या गाठींचे काम करते, म्हणून हाताच्या बाजूने लिहिते. मुखर्जी माग वापरत नसत आणि आधी रेखाटनही करत नसत. रंगवलेला तागाचा दोर धातूच्या सांगाड्याच्या आधाराने एकेक गाठ मारत त्या आकार वाढवत नेत. हातभर पट्टीसाठी जवळजवळ चौपट लांबीचा दोर लागतो, बोटांची सालटी निघतात, आणि पीळ थोडा सैल राहिला तरी खालचा सगळा भाग ओघळतो. ‘यक्षी’च्या घड्या नीट पाहा: वस्त्र कुठे संपते आणि शरीर कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही, कारण दोन्ही एकाच दोरातून आलेली आहेत. मानवी देहातली वासना, वाढ आणि थकून लोंबणे हे सारे त्या ओघळण्यात आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ३
तुलनेसाठी फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार लुईझ बुर्ज्वा यांची ‘मामाँ’ (१९९९) पाहावी. नऊ मीटरहून उंच असलेली ती पोलादी कोळीण म्हणजे त्यांची आई, जी जुनी चित्रजवनिका (टॅपेस्ट्री, म्हणजे विणून चित्रे काढलेले भिंतीवरचे पडदे) दुरुस्त करत असे. तिथे पुराण घरातल्या आठवणीतून येते, म्हणून कथा सांगता येते. मुखर्जींनी आत्मचरित्राची अशी किल्ली दिलेली नाही, आणि मला त्यांचा मार्ग अधिक कठीण वाटतो.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. मी आतापर्यंत ‘यक्षी’चा चेहरा शोधत होते, आता पुन्हा पाहताना नजर खालून, जमिनीवर पसरलेल्या दोरापासून वर नेईन.